आधी मागची सीट

नाही हो ताई, पुढे नाही, आधी मी मागेच बसतो. — हो, कळलं, हँडल पुढे असतं, ब्रेक पुढे असतो, तो आकडे दाखवणारा पडदासुद्धा पुढेच असतो, एवढं मलाही समजतं, चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, अगदीच ढ नाही मी. पण आधी मागे. तुम्ही फक्त एवढं बघा, स्टँड नीट लागलाय ना? कारण मी पडलो तर एकटा पडणार नाही, शेजारच्या चारही गाड्या सोबत घेऊन पडेन. लागलाय? बरं. मग ती खुर्ची जरा इकडे सरकवता का — गुडघा पटकन वळत नाही, कुंडीवर आपटलाय, सांगतो नंतर — हां. बसलो. हसू येत असेल तर हसा बिनधास्त, ओठ दाबून हसलेलं जास्त दिसतं, आणि माणसांचे चेहरे जवळून बघण्यातच माझा जन्म गेलाय.

ही पट्टी? ही आमच्या धंद्यातली, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची. पंधरा सेंटिमीटरच्या पुढचं जग तिने पाहिलेलं नाही बिचारीने, पण खिशात हीच होती. थांबा, मोजतो — एक पट्टी, दोन पट्ट्या, आणि वर चार बोटं. लिहून घेतो. वहीत रकाने केलेत मी, हे बघा, अकरा गाड्या, प्रत्येकीची मागची सीट — लांबी, रुंदी, फोम मऊ का कडक, पाय ठेवायचे दांडे किती खाली, धरायला मागे कडी आहे का नाही. पुढचं? पुढचं काही लिहिलेलं नाही. बॅटरी केवढी, एकदा चार्ज केली की किती जाते, मोटर चाकात असते का मध्ये, हे सगळं जावयाने फोनवर पाऊण तास समजावलं, मी हो हो म्हणत होतो, आणि फोन ठेवल्यावर बघतो तर कागदावर मी नुसत्या सीटा काढून ठेवलेल्या. मेव्हणा म्हणतो, वर्षभर थांबा, गाड्या अजून सुधारतायत. आता मी एकसष्टचा. गाड्या सुधारतील हो, माझं काय सुधारणार आहे वर्षभरात.

नाही, चालू नका करू, हात जोडतो. — चालूच आहे? आत्ता? मग आवाज कुठाय? हेच, अगदी हेच झालं परवा. त्या दुसऱ्या दुकानात — त्यांची काही चूक नव्हती हं — मला वाटलं गाडी बंद आहे. आमची जुनी गाडी चालू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं, शेजारचे तो आवाज ऐकून दूध तापवायला ठेवायचे. ही आपली मांजरासारखी. मी मूठ कशी फिरते ते बघायला एवढीशी फिरवली — ती जी सुटली, थेट पाण्याच्या मशीनवर. वरचा वीस लिटरचा बाटला आडवा, दुकानात तळं. मॅनेजर सज्जन माणूस, काका, लागलं नाही ना म्हणाला, आणि पार रस्त्यापर्यंत सोडायला आला, म्हणजे मी खरंच गेलोय ना हे बघायला आला. म्हणून तर शहराच्या या टोकाला आलो, म्हटलं इथवर बातमी आली नसेल. — आलीय? ते तुमच्याच मालकांचं दुसरं दुकान होय? मग तरीच. तरीच तुमचं पाण्याचं मशीन आत उचलून ठेवलंय, भिंतीवर त्याचा डाग दिसतोय. शहाण्या आहात.

तर खरं सांगायचं म्हणजे मला गाडी येत नाही. कधीच आली नाही. लग्न ठरताना तिने सरळ विचारलं होतं, गाडी येते का तुम्हाला. मी म्हणालो, येते. का म्हणालो कोण जाणे, समोर तिचा भाऊ बसलेला, हातात चहाचा कप, माणूस अशा वेळी काहीही म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिने किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती दोन मिनिटं उलटसुलट करून पाहिली — बाजारात वांगं बघतात ना, तशी — आणि तिने ती परत घेतली. म्हणाली, बसा मागे. तो जो बसलो, तो एकतीस वर्षं मागेच. लोक म्हणायचे, बायकोच्या मुठीत आहे. म्हणा. पावसात पुढे बसणारा भिजतो, मागे बसणारा अर्धाच भिजतो, हे त्या लोकांना कुठे ठाऊक.

आणि मागे बसून गप्प बसेन तो मी कसला. डावीकडे घे, खड्डा आहे, हॉर्न दे, अगं हॉर्न दे — स्वतःला सायकल सरळ धरता येत नाही आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. तिची रोपवाटिका आहे, गावाबाहेर, नऊ किलोमीटर. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू. दुकान उघडायच्या आधी आम्ही रोज तिकडे जायचो, ती रोपं निवडायची, मी ट्रेमध्ये भरायचो, आणि येताना गिऱ्हाइकांचे ट्रे माझ्या मांडीवर. मिरचीची पानं नाकात जायची, शिंकलो की ती पुढून म्हणायची, सांडू नका. त्यामुळे मागच्या सीटचं मला विचारा ताई. कुठल्या सीटवर ब्रेक लावला की माणूस पुढे घसरतो, कुठली कडी हाताला कापते, पाय किती उंच ठेवले की कंबर धरते — या विषयात माझ्याइतका शिकलेला माणूस तुम्हाला गावात मिळायचा नाही. ही निळी चांगली आहे. घसरत नाही.

आता का? — आता तिचे डोळे. हो, चष्मेवाल्याच्या बायकोचे. दिव्याखाली अंधार म्हणा, लाजू नका, सगळे म्हणून झालेत, मेव्हणा दोनदा म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत. म्हणजे तुमच्याकडे सरळ बघितलं तर तुमचा चेहरा नाही, मान तिरकी केली तर तुमचा कान दिसतो. चष्म्याने होणारं नाही हे. माझ्या अख्ख्या दुकानात तिच्या उपयोगाची एकही काच नाही. सहा आठवड्यांपूर्वी रोपवाटिकेच्या फाटकाच्या खांबाला गाडी लागली, दवाखान्यातून घरी आल्यावर तिने किल्ली काढली आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. बास, म्हणाली. तेव्हापासून रोपवाटिकेत पाऊल नाही. तिथली बाई फोन करते, कुठलं रोप कधी काढायचं विचारते, ही सांगते आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसते. अहो, पानावर बोट फिरवून ती रोग सांगते, डोळ्यांचं कामच नाही तिथे. पण तिथवर जायचं कसं? मेव्हणा म्हणाला, मोटारीने सोडतो रोज. तर म्हणे, मी पार्सल नाही. आणि माझ्या मागे बसशील का विचारलं, तर हो नाही आणि नाहीही नाही. एवढंच म्हणाली, मला मागे बसता येत नाही, कधी बसलेच नाही. — म्हणून ही वही, ताई. पुढे मी दगडावरसुद्धा बसेन. मागे ती बसली पाहिजे.

त्या बघा, समोर बसस्टॉपच्या बाकावर, राखाडी स्वेटर. तीच. इथवर आली, आत काही येईना. तुम्ही बघा काय बघायचं ते, म्हणाली, मी इथे बसते.

गुडघा ना, सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य बाई राहतात, त्यांची सायकल मागून घेतली. बायकांची, पुढे टोपली, टोपलीवर प्लॅस्टिकची सूर्यफुलं. म्हटलं आधी तोल, मग मोटर. रोज सकाळी सहाला इमारतीच्या पार्किंगमध्ये. अकरा दिवस. हिशेब सांगू? तीन कुंड्या, एक गुडघा, आणि चौकीदाराचा माझ्याबद्दलचा आदर. चौथ्या दिवशी दुसऱ्या कुंडीत पडलो होतो तेव्हा वरून हिचा आवाज आला, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून — अहो, चाकाकडे बघू नका, नजर लांब ठेवा. तिला मी दिसत नव्हतो, तिला नुसता पडल्याचा आवाज ऐकू आला असणार. पण महिनाभरात गाडीविषयी तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी कुंडीतच बसून राहिलो थोडा वेळ. बरं वाटलं हो.

शिकाऊ लायसन्स काढलंय. तिथेही गंमतच झाली. साहेबाने भिंतीवरच्या, नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं, वाचा म्हणाला. मी म्हटलं, साहेब, दुसरा तक्ता लावा, हा मला पाठ आहे. मागची अख्खी रांग हसली. साहेब म्हणाला, काका, असं सांगणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय. मी नाही हसलो. कारण — जाऊ दे. — नाही, आता निघालंच आहे तर ऐका, तुमची माझी ओळख ना पाळख, तुम्हाला सांगायला काय जातंय.

वर्षभरापूर्वीचं असेल. सिग्नल हिरवा झाला तरी ही उभीच. मागून हॉर्न वाजले तेव्हा निघाली. एकदा झालं, दोनदा झालं, मी म्हटलं, चल दुकानात, नंबर बघू. आली, पण तोंड पाडून. खुर्चीत बसवली, तक्ता समोर. आता तो तक्ता तिने रोज पाहिलेला, दुपारी त्याच्यासमोर बसूनच आम्ही डबा खातो. तिने वाचला घडाघडा — वरच्या मोठ्या अक्षरापासून पार खालच्या बारीक ओळीपर्यंत, कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. फक्त झालं असं, की दोन दिवस आधी मी तक्ता बदलला होता. जुना पिवळा पडला होता म्हणून. नव्यावरची अक्षरं सगळी वेगळी. ती जुना वाचत होती, ताई. नव्या तक्त्यासमोर बसून जुना तक्ता, शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि मी काय म्हणालो? फर्स्ट क्लास म्हणालो. नंबर काही वाढलेला नाही. — का? ती घाबरलेली होती, तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर असा घट्ट होता, गाडी सुटली तर तिचं काय राहणार, हे मी स्वतःला सांगतो. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मला ती किल्ली दिसली. माझ्याकडे येताना दिसली. आणि तोंडातून फर्स्ट क्लास निघालं. आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, बाबांनो, डोळ्यांशी खेळू नका, आणि बायकोचे डोळे तपासताना मला भीती कशाची, तर पुढच्या सीटची. तेव्हाच नेलं असतं तर काही फरक पडला असता का, विचारलं मी डॉक्टरीणबाईंना. म्हणाल्या, थोडं टिकलं असतं. थोडं म्हणजे किती, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मग काय, आमची अळीमिळी गुपचिळी. तिला वाटत होतं मला माहीत नाही, आणि मला माहीत होतं. ती सहज विचारल्यासारखं विचारायची, पुढे गर्दी आहे हो? मी सहज सांगितल्यासारखं सांगायचो, मोकळं आहे, उजवीकडून ट्रक येतोय, जाऊ दे त्याला. इतकी वर्षं माझी बडबड तिला नकोशी व्हायची, आता मी गप्प बसलो की म्हणायची, झोपलात का? खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडत होते. मला पहिल्यांदा वाटत होतं की मी गाडी चालवतोय. — बघा, काय माणूस आहे. फक्त एक नियम मनाशी केला होता, मांडीवर उंच रोपं घ्यायची नाहीत. त्या दिवशी टोमॅटो बेसुमार वाढलेले, गिऱ्हाईक घाईला आलेलं, घेतला ट्रे मांडीवर. समोर नुसती पानं. तिने विचारलं, फाटक पूर्ण उघडं आहे ना? मला काय दिसतंय, पानं. तरी म्हणालो, आहे. — तिच्या कोपराला सात टाके. रोपं सगळी गेली. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. मी मागे होतो ना.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी. ती कडी जरा मोजायची राहिलीय — अहो, उठली की ती. बाकावरून उठली बघा. — नाही ताई, जाऊ नका, बसा, तिला मुळीच आवडत नाही कुणी हात धरलेला. इकडेच येतेय. मान तिरकी केलीय, दिसतंय? कडेने बघते आता. ती पांढरी मोटार — गेली, जाऊ दिली तिने. स्कूटरवाला — दिसला तिला, थांबली. आता बस. थांब. अगं थांब, बस आहे, मोठी आहे, दिसत असेल ना — थांबली. आवाजावरून ओळखते. ये आता. ये, मोकळं आहे. — इथून बोलतोय मी, तिला काय ऐकू जाणार. चालली. आली अर्ध्यात. — आली, दुभाजकाला पाय लावला, अलीकडे — आली. आली हो. हुश्श.

ताई, ते तक्त्याचं मी काही बोललो नाही. तुम्ही काही ऐकलं नाही.

ये. सरळ ये, उजव्या हाताला हँडलं बाहेर आलीत, हां, अशी. या इथल्या ताई. आणि ही ती. निळी आहे. — हात लावून बघ ना. — हो, बस की. — असू दे ताई, काही सांगू नका, पुढेच बसू दे.

बसली बघा कशी. पाठ ताठ. आधी आरसे चाचपले, मग ब्रेक, दोन्ही. आणि मी कुठाय, तर मागे. कुणी बस म्हणालंसुद्धा नाही, आपला खुर्चीवरून चढून बसलो. आम्ही असे दिसायचो, ताई. — काय गं? ब्रेक हलका आहे? तुला कळतं त्यातलं. मूठ जपून हं, चालू का बंद काही समजत नाही, परवा मी एका — काही नाही. पाण्याचं काही नाही, नंतर सांगतो.

काय म्हणालीस?

उतरू? — बरं, उतरतो. थांब, गुडघा. — उतरलो. आणि तू पण उतरलीस. आता? मी पुढे? आत्ता, ताईंच्या देखत? — बरं. — बसलो. हो, दोन्ही हात हँडलवर आहेत. नजर लांब ठेवलीय. समोर भिंत आहे, पण तिच्याकडे लांबून बघतोय.

जमेल का म्हणजे — हो, जम — नाही. नाही गं. नाही येत मला. सरळ जातो, उजवीकडे वळतो, डावीकडे वळताना दोनातून एकदा पडतो. तुझ्या भावासमोर येते म्हणालो होतो ते खोटं, ते तुला माहीतच आहे. पण फाटकाचंही खोटं होतं. मला पानं दिसत होती, फाटक नाही. आणि त्या दिवशी दुकानात — तक्ता नवा होता. मी दोन दिवस आधी बदलला होता. तू जुना वाचलास, आणि मी फर्स्ट क्लास म्हणालो.

...

ताई, ती आहे का मागे? की गेली? मला मान वळवता येत नाही, वळवली तर पडेन. — सांगा ना, दाराकडे गेली का?

थांबा. गाडी खाली दबली. मागून दबली ना आत्ता? — खांद्यावर हात आहे. तिचाच आहे, घट्ट धरलाय, दुखतोय.

अं? — पाय? पाय कुठे ठेवायचे?

सांगतो. — नाही ताई, तुम्ही नका सांगू. तुम्ही आत जा, निळीचे कागद काढा, पाण्याचं मशीन पुसा, काहीही करा. एवढं मला सांगू द्या तिला.